एक टिंब म्हणजे दहा एकर

"मॅडम, पुढची स्लाइड नका करू, लिहायचं राहिलंय!"

प्रेझेंटेशन घेऊन वर्गात गेले त्या पहिल्या दिवशी 35 मिनिटांच्या तासात मला हे वाक्य किती वेळा ऐकू आलं, ते मोजलं नाही. पण तास संपला तेव्हा 42 मुलांच्या वहीत माझ्या स्लाइडवरचा मजकूर जसाच्या तसा उतरला होता आणि एकालाही त्यावर प्रश्न विचारायचा नव्हता. फळ्यावर शिकवताना असं कधी झालं नव्हतं. मी आदल्या रात्री साडेबारापर्यंत बसून ते प्रेझेंटेशन केलं होतं. रंग चांगले होते, चित्रं होती, मुद्दे नेटके होते. आणि वर्ग मात्र शुद्धलेखनाच्या तासासारखा शांत.

मी यावल तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. वर्गाच्या उत्तरेकडच्या खिडकीतून सातपुडा दिसतो, दक्षिणेला काही किलोमीटरवर तापी आहे आणि मधल्या पट्ट्यात केळी. मुलांपैकी काहींच्या घरी बागा आहेत, काहींचे वडील त्याच बागांमध्ये सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर कामाला, आहेत, काही मुलं डोंगरपायथ्याच्या पाड्यांवरून सायकलने येतात. घरी कुणी अहिराणी बोलतं, कुणी लेवा गणबोली, कुणी तडवी, कुणी पावरी. शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला एक प्रोजेक्टर आहे आणि संगणक कक्षात चालू स्थितीतले सहा संगणक. इंटरनेट आलं तर आलं, नाहीतर माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट. एवढ्या सामग्रीवर हे सगळं झालं, म्हणून आधीच सांगितलं.

सुरुवात माझ्याकडच्या जुन्या पीपीटींपासून केली. पेन ड्राइव्हमध्ये दहा वर्षांच्या साठलेल्या होत्या, काही माझ्या, काही सहकाऱ्यांनी दिलेल्या. त्या गुगल स्लाइड्सवर चढवल्या आणि उघडून बघते तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं यांची खिचडी. त्या सगळ्या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या होत्या. तो फाँट ज्या संगणकावर नाही तिथे मजकूर मराठी राहतच नाही, कारण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच, फाँट त्यांना फक्त मराठी रूप देतो. तीन रविवार बसून मी त्यातलं जेवढं उपयोगाचं होतं तेवढं पुन्हा टाइप केलं. बरंचसं मोबाइलवर बोलून. जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डला मराठीत सांगितलं की तो बऱ्यापैकी लिहितो, 'खचदरी'सारखे शब्द तेवढे हाताने दुरुस्त करावे लागतात. आता हे काम परत कधी करावं लागणार नाही, हे समाधान मोठं आहे. ज्या शिक्षकांकडे अजून तसल्या फाइली पडून आहेत त्यांनी हा वेळ काढावाच.

फाँटवरून आणखी एक आठवलं. स्लाइडवर 'लाव्हा' लिहिलं होतं आणि पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हा ल पुस्तकातला नाही." खरं होतं. बहुतेक देवनागरी फाँट हिंदी वळणाचा ल आणि श दाखवतात. पाठ्यपुस्तकात आणि मुलांच्या हातात मराठी वळणाचा असतो. शोधल्यावर 'तिरो देवनागरी मराठी' हा फाँट मिळाला. गुगल स्लाइड्सच्या फाँटच्या यादीत 'मोअर फाँट्स'मध्ये जाऊन तो घेता येतो. तेव्हापासून वर्गात दुसरा वापरत नाही. लहान गोष्ट आहे, पण मुलीला ती खटकली होती आणि तिचं खटकणं बरोबर होतं.

पण मूळ अडचण फाँटची नव्हती.

'अंतर्गत हालचाली' शिकवताना ती माझ्या लक्षात आली. गट पर्वत आणि खचदरी मी फळ्यावर वर्षानुवर्षं काढत आले आहे. आधी एक सपाट ठोकळा. मग त्यात दोन तिरप्या भेगा. मग बाण. मग मधला भाग खाली. मुलं माझ्या खडूमागे येतात, कारण पुढची रेघ कुठे जाणार हे त्यांना माहीत नसतं. स्लाइडवर मी तेच चित्र पूर्ण करून आणलं होतं, सुबक, रंगीत, नावं दिलेलं. ते एका क्षणात समोर आलं आणि मुलांनी तितक्याच क्षणात ते बघून संपवलं. मग नावं वहीत उतरवायला घेतली.

त्या रात्री मी ती एक स्लाइड सहा वेळा डुप्लिकेट केली आणि मागून पुढे खोडत गेले. सातवीवर पूर्ण चित्र, सहावीवर नदी नाही, पाचवीवर नावं नाहीत, असं करत पहिल्या स्लाइडवर नुसता सपाट ठोकळा उरला. दुसऱ्या दिवशी 'ब' तुकडीत गेले. भेगा दाखवल्या, थांबले, विचारलं, "आता दोन्ही बाजूंनी ताण पडला तर मधल्या तुकड्याचं काय होईल?" कुणी म्हणालं वर येईल, कुणी म्हणालं खाली जाईल. मी पुढे गेले नाही. दोघांना पुढे बोलावून तीन वह्या उभ्या धरायला लावल्या, बाहेरच्या दोन सैल केल्या, मधली सरकन खाली आली. मग स्लाइड पुढे नेली. मग खिडकीकडे बोट दाखवलं. तो समोरचा सातपुडा वर राहिलेला तुकडा, आणि आपण बसलोय तो, तापी जिच्यातून पश्चिमेला जाते ती खचदरी. मुलतापीला उगम पावून ही नदी सुरतेकडे का जाते, गोदावरीसारखी पूर्वेला का जात नाही, हा प्रश्न त्या दिवशी मुलांनी मला विचारला. मी विचारायच्या आधी.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. तयार झालेली गोष्ट पडद्यावर आणायची नाही, ती मुलांसमोर तयार होऊ द्यायची. आणि स्लाइडवर सात-आठ शब्दांपेक्षा जास्त मजकूर नको. जे लिहून घ्यायचं ते फळ्यावर, माझ्या हाताच्या वेगाने.

मधल्या काळात इतर साधनंही वापरून पाहिली. कॅनव्हाचे नमुने फार देखणे असतात आणि शिक्षकांना त्याची शैक्षणिक आवृत्ती फुकट मिळते, पण मुलांच्या हाती दिलं तर अख्खा तास पार्श्वभूमी निवडण्यात जातो. स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेसाठी आम्ही ते वापरतो. प्रेझीमध्ये नकाशातून आत आत शिरता येतं, महाराष्ट्रातून खान्देशात, खान्देशातून तालुक्यात. भूगोलाला ते फारच शोभतं, पण आमच्या रेंजला झेपत नाही. मेंटीमीटरवर मुलांची मतं एका वेळी घेता येतात, पण त्यासाठी प्रत्येकाकडे मोबाइल हवा. आमच्या वर्गात ते हात वर करूनच जमतं. मी गुगल स्लाइड्सवर थांबले ते एका कारणाने. एकाच स्लाइडवर एका वेळी अनेकांना काम करता येतं आणि प्रत्येकाचं काम सगळ्यांना तिथल्या तिथे दिसतं.

नववीच्या भूगोलात वितरणाच्या नकाशांचा, म्हणजे कुठे काय किती आहे ते दाखवणाऱ्या नकाशांचा, पाठ आहे. टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, सममूल्य पद्धत. टिंब पद्धत मुलांना सोपी वाटते आणि म्हणून ती कधी नीट समजत नाही. "एक टिंब म्हणजे इतकी लोकसंख्या" एवढं पाठ करतात. टिंब कुठे ठेवायचं आणि का, हा खरा प्रश्न असतो आणि तो वहीत सुटत नाही, कारण पेनाने दिलेलं टिंब हलत नाही. स्लाइडवरचं हलतं.

म्हणून ठरवलं की आमच्याच शिवारातल्या केळीचा टिंब नकाशा करायचा. शाळेत पाच गावांची मुलं येतात. मी पाचही गावांच्या शिवारांचा एक कच्चा नकाशा कागदावर काढला. तापी, डोंगराची रेघ, नाले, मोठे रस्ते आणि गावं, इतकंच. त्याचा फोटो काढून स्लाइडवर टाकला. मुलांना आठ दिवस दिले. घरी विचारा, शेजारी विचारा, ज्यांनी मोबाइलवर ई-पीक पाहणी (पिकाची सरकारी नोंद) भरली आहे त्यांना विचारा, आपल्या शिवारात अंदाजे किती एकर केळी आहे आणि कुठल्या भागात. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) आणि कांदेबाग (पावसाळा संपताना लावलेली) दोन्ही धरायची, जुन्या खोडाच्या पिलांवर घेतलेली पिलबागही.

आकडे आले तेव्हा पहिला वाद टिंबाच्या मूल्यावरून झाला आणि तो मला फार आवडला. एक मुलगा म्हणाला, एक टिंब एक एकर. त्याच्या गटाने हिशेब केला तर त्यांच्या एका गावावरच टिंबांचा काळा डाग पडत होता. दुसऱ्यांनी म्हटलं 50 एकर. मग डोंगराकडच्या पाड्यांच्या वाट्याला एकही टिंब येईना आणि ती मुलं चिडली, "आमच्याकडे पण आहे थोडी." शेवटी 10 एकरांवर सगळे आले. पुस्तकात टिंबाचं मूल्य विचारपूर्वक ठरवावं असं एका ओळीत लिहिलेलं असतं. त्या ओळीच्या मागे काय आहे ते 'ब' तुकडीने तासभर भांडून शोधून काढलं.

मग संगणक कक्ष. सहा संगणक, सात-सात मुलांचे सहा गट. चार गावांचे चार गट, आणि मोठं गाव रस्त्याच्या दोन बाजूंनी वाटून दिलं. मुलांना खाती उघडायला लावली नाहीत. ज्याच्याकडे लिंक आहे त्याला संपादन करता येईल अशी फाइल तासापुरती मोकळी केली आणि तास संपला की परत बंद. मुलांची नावं, फोटो त्यावर कुठेही नाहीत. हे मी आजही कटाक्षाने पाळते. खात्याशिवाय आत आलेल्या प्रत्येकाला गुगल एका प्राण्याचं नाव देतं, त्यामुळे वरच्या कोपऱ्यात सहा अनोळखी प्राणी दिसायला लागले आणि आपला गट म्हणजे कोणता प्राणी हे शोधण्यात पहिली पाच मिनिटं आनंदात गेली.

पहिला तास वाया गेला म्हणावा लागेल. नकाशा मी साधं चित्र म्हणून टाकला होता. एका मुलाने टिंबाऐवजी चुकून तोच पकडला आणि ओढला. टिंबं जागच्या जागी, आणि त्यांच्याखालून तापी, डोंगर, पाचही गावं सरकून उजवीकडे गेली. सहाही संगणकांवर एकदम ओरडा. मी अंडू करून परत आणला तर दोन मिनिटांनी दुसऱ्याने ओढला. त्यातच कुणाचं टिंब वाटाण्याएवढं तर कुणाचं मोहरीएवढं. नंतर लाइट गेली.

घरी जाऊन दोन गोष्टी केल्या. नकाशा चित्र म्हणून न ठेवता स्लाइडची पार्श्वभूमी केला. 'बॅकग्राउंड'मध्ये जाऊन तिथे फोटो निवडला की तो चिकटून बसतो, कुणालाही ओढता येत नाही. आणि कोपऱ्यात एक हिरवं टिंब तयार करून ठेवलं. फक्त तेच निवडायचं, कंट्रोल आणि डी दाबायचं, त्याची जुळी प्रत येते, ती ओढून जागेवर न्यायची. सगळी टिंबं एका मापाची.

दुसऱ्या तासाला प्रोजेक्टरवर तीच फाइल उघडी ठेवली आणि मी मागे जाऊन उभी राहिले. पडद्यापाशी कुणी नव्हतं. रिकाम्या नकाशावर एक हिरवं टिंब आलं, मग खालच्या कोपऱ्यात दुसरं, मग एकदम चार. सहा ठिकाणांहून शिवार भरत चाललं होतं. मुलं आपल्या संगणकाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत होती. इतकी वर्षं शिकवते आहे, पण स्वतः न बोलता भूगोल शिकवला जाताना मी पहिल्यांदा पाहिला.

आणि मग ते झालं ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

मोठ्या गावाच्या एका गटाने आपली बरीच टिंबं तापीच्या अगदी काठाला लावली होती. दाट, एकाला एक लागून. मी विचारलं, का? "नदीजवळ पाणी असतं, मॅडम. पुस्तकात पण आहे." तर्क चांगला होता. मीही मान डोलावणार होते. तेवढ्यात दक्षिणेकडच्या गावातला एक मुलगा, वर्गात एरवी ज्याचा आवाज येत नाही, उभा राहून म्हणाला, "तठे पानीच नही, मॅडम."

मी त्याला पुढे बोलावलं. त्याने पडद्यावर बोट ठेवून सांगितलं. नदी खूप खोल आहे, काठ उंच आहे. काठाची माती पावसाने चिरत जाते, घळी पडतात, दर पावसाळ्यात थोडं वावर घळीत जातं. तिथे ट्रॅक्टर नीट फिरत नाही. त्याच्या आजोबांची काठाला जमीन आहे, तिथे बाभळी आहेत आणि बकऱ्या चरतात. बागा काठापासून मागे, सपाट काळ्या मातीत, विहिरींवर. तो बोलत होता तसतसा त्या गटाचा माउस टिंबं उचलून उत्तरेला नेत होता. एकेक करून. काठाला एक पांढरी पट्टी मोकळी झाली आणि तिच्यावर एक रिकामी तापी उरली.

पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की टिंबं देताना प्राकृतिक रचना, पाणी, मृदा विचारात घ्यावी. मी ते वाक्य अनेकदा वाचून दाखवलं आहे. त्या तासाला वाचावं लागलं नाही. पायथ्याकडच्या मुलांनी मग आपणहून सांगितलं की डोंगराच्या अगदी कडेला गोटाड जमीन आहे, पाणी पडतं ते तिथेच मुरून जातं, तिथे टिंबं विरळ ठेवा. भूगोलात पायथ्याशी साचलेल्या दगडगोट्यांच्या या पट्ट्याला बझाडा म्हणतात आणि खालच्या विहिरींना मिळणारं बरंचसं पाणी तिथूनच मुरतं. तो शब्द मी तेव्हा दिला. जागा त्यांनी आधी दाखवली होती.

फाइल एकदा पूर्ण बिघडलीही. तिसऱ्या तासाला कुणीतरी सगळं निवडून डिलीट केलं. नकाशा पार्श्वभूमीला होता म्हणून राहिला, टिंबं सगळी गेली. ज्या मुलीच्या हातून झालं ती रडायला लागली. मी 'व्हर्जन हिस्टरी' उघडून दहा मिनिटांपूर्वीचा नकाशा सगळ्यांना पडद्यावर दाखवला. त्यात टिंबं जशीच्या तशी होती. एक काळजी मात्र घ्यावी लागते. जुनी आवृत्ती परत आणली की अख्खी फाइलच मागे जाते आणि दुसऱ्या स्लाइडवर नंतर झालेलं कामही समोरून जातं. म्हणून मी त्या जुन्या आवृत्तीची वेगळी प्रत काढली, तिच्यातली टिंबं निवडून चालू फाइलमध्ये आणून चिकटवली. मुलीला म्हटलं, बघ, काही गेलं नाही. तिने उरलेला सगळा तास त्या गटाचा माउस सोडला नाही.

लाइट आणि रेंजचं काय, हे सगळेच विचारतात. गुगल स्लाइड्सची फाइल नेट असतानाच क्रोममध्ये 'ऑफलाइन उपलब्ध' करून ठेवते, म्हणजे नेट गेलं तरी माझ्या लॅपटॉपवर काम थांबत नाही. शिवाय दर आठवड्याला पीडीएफ काढून पेन ड्राइव्हमध्ये. लाइट गेली तर फळा आहेच. पण मुलांनी मिळून काम करायचं ते नेटशिवाय होत नाही, त्यासाठी दुसरा तास मागून घ्यावा लागतो. गणिताच्या सरांनी दोन तास दिले, त्यांचे आभार इथेही मानते.

यंदा नवीन नववी आली. गेल्या वर्षीच्या नकाशाची मी प्रत काढली, नाव बदललं आणि म्हटलं, आता यात काय बदललंय ते दुरुस्त करा. गट बसले. बराच वेळ फक्त माउसचे आवाज. मग पायथ्याकडच्या गटातल्या एका मुलीने हात वर केला. वरच्या कडेच्या एका टिंबावर तिने कर्सर ठेवला होता.

"मॅडम, हे आमचं. वडिलांचे चार आणि काकांचे सहा एकर मिळून. गेल्या वर्षी माझ्या भावाने ठेवलं होतं." मग थोडं थांबून, "विहीर आटली. आता कपाशी लावली आहे. पुसू का?"

मी वर्गाला विचारलं, पुसायचं का? एक म्हणाला पुसा, केळी नाहीये तर टिंब कशाला. दुसरा म्हणाला रंग बदला. ती मुलगी स्वतः म्हणाली, "पुसलं तर इथे होती हे कळणारच नाही." बरीच चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की टिंब जागेवर ठेवायचं, आतला हिरवा रंग काढायचा, कडा तेवढी ठेवायची. सूचीत एक नवीन ओळ लिहिली: पोकळ टिंब, गेल्या वर्षी केळी, यंदा नाही. तिने पहिलं पोकळ केलं. तास संपेपर्यंत नकाशावर सात पोकळ टिंबं होती, सातही डोंगराच्या बाजूला.